जंतूंचा पाहुणचार

डॉक्टरांनी ‘कल्चर करून घ्या’ म्हटलं की आपली समजूत अशी, की नमुना यंत्रात गेला, बटण दाबलं, कागद बाहेर आला. प्रयोगशाळेत मात्र त्यासाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवण्यासाठी, चक्क स्वयंपाक करावा लागतो. पेप्टोन, मांसाचा अर्क, मीठ तोलून घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं, घट्टपणासाठी अगार घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं आणि कोमट झाल्यावर पेट्री डिशमध्ये ओतायचं. एवढी उस्तवार कुणासाठी, तर ज्यानं आपल्याला ताप आणला त्याच्यासाठी!

हा मेनू ठरायलाही वेळ लागला. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवले, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, शिवाय काही जंतू तेच खाऊन त्याचं पाणी करायचे. कॉख यांचे सहकारी वाल्टर हेसे यामुळे हैराण झाले होते. त्यांची पत्नी फॅनी जेलीत अगार घालत असे. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती ते शिकली होती. तिनं तेच सुचवलं. अगार शरीराच्या तापमानालाही घट्ट राहतं आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही. कॉख यांनी १८८२ च्या क्षयावरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. स्वयंपाक करणारीचं नाव पंगतीत कोण घेतो?

पाहुण्यांच्या आवडीनिवडी तर विचारू नका. कुणाला रक्त लागतं, कुणाला तापवून तपकिरी केलेलं रक्त. या दुसऱ्या पदार्थाला चॉकलेट अगार म्हणतात, पण त्यात चॉकलेट औषधालाही नसतं. मॅकॉन्की अगारमधले पित्तक्षार बऱ्याच आगंतुकांना दारातच अडवतात. आत आलेल्यांपुढे दुधातली साखर असते. ई. कोलाय ती मिटक्या मारत खातो आणि त्याच्या वसाहती गुलाबी होतात. टायफॉईडचा जंतू तिला तोंड लावत नाही आणि बेरंग राहतो. कोण काय खातो, यावरून माणूस ओळखावा असं म्हणतात. इथे जंतू ओळखतात.

मुंबईनं तर त्यांना तूपही वाढलंय. १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवायला बसले. लस हिंदूंना टोचायची आणि मुसलमानांनाही, म्हणून गाय-डुक्कर टाळून बोकडाच्या मांसाचा रस घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबकळत वाढले. पोटभर जेवल्यावर त्यांना तापवून मारलं, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

सगळेच असे खवय्ये नसतात. क्षयाच्या जंतूला अंडी घातलेलं माध्यम दिलं तरी तो सहा-आठ आठवडे सावकाश जेवत बसतो. कुष्ठरोगाचा जंतू डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमावर त्यानं घास घेतलेला नाही. त्याला उंदराच्या पायाचा तळवा किंवा आर्माडिलो लागतो. अशा मानी पाहुण्यापुढे विज्ञानानंही हात टेकले आहेत.

तेव्हा अहवाल दोन-तीन दिवसांनी मिळेल असं सांगितलं तर काउंटरवरच्या माणसावर डाफरू नका; आत जेवणं चालू आहेत. आणि नमुना देण्याआधी मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनानं घेऊ नका. तिनं अर्धमेले झालेले जंतू ताटावर वाढतच नाहीत. अहवाल कोरा येतो आणि दुखणं तुमच्याजवळ मुक्कामाला राहतं.