टेलचा गिअर

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता ओळखायला सोपा असतो. घरी आलेल्या प्लंबरला तो सुखाने काम करू देत नाही. लग्नात जेवायच्या आधी मांडवाचे बांबू हलवून बघतो. त्याच्या स्कूटीच्या डिकीत दहा-अकराचा पाना, इन्सुलेशन टेप आणि टेस्टर हे तिघं कायम वस्तीला असतात. परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या कॉलनीतले मामा हे या जमातीतलं अस्सल वाण. त्यांचं खरं नाव लाइट बिलावर असतं. बाकी तीन गल्ल्यांचे ते मामाच.

डाव्या गुडघ्याने संप पुकारला तेव्हा डॉक्टरांनी मामांना क्लच वर्ज्य केला. गाडी सोडायला सांगितलेलं नव्हतं, एवढा धागा पकडून मामांनी पुण्याहून एक जुनी जपानी ऑटोमॅटिक आणली. नंबर एमएच-12. विकणारा म्हणाला, 'डॉक्टरची गाडी आहे, एकहाती वापरलेली.' महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी आधी कुणातरी डॉक्टरचीच असते. एवढ्या गाड्या बदलणारे हे लोक पेशंट कधी तपासतात, कोण जाणे.

दोनच पेडल असलेली गाडी बघायला पहिले आठ दिवस कॉलनी लोटली. मामा डावा पाय सीटवर मुडपून, अर्धी मांडी घालून गाडी चालवत आणि खिडकीतून व्याख्यान देत. 'हे नवीन नाही, बाबा. अमेरिकेत ओल्ड्समोबिलमध्ये 1940च्या मॉडेलपासून आहे. आपल्याकडं 2014ला सेलेरियो आली आन् सगळे ऑटोमॅटिक-ऑटोमॅटिक करायलेत. पण ते एएमटी! नेहमीचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आन् गिअर टाकायला मशीन बसवलेलं. आपलं खरं तेलावरचं.' ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही, पण सेलेरियोवाल्या गुरुजींचा चेहरा पडायचा, आणि तेवढं मामांना पुरे होतं.

मग थंडी पडली. परभणीकरांना थंडीचा भारी अभिमान. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा दहाच्या खाली उतरला, की 'महाबळेश्वरला मागं टाकलं' म्हणून माणसं एकमेकांचं अभिनंदन करतात. त्याच आठवड्यात मामांच्या गाडीने रंग दाखवला. पहाटे गिअर 'डी'वर टाकला की गाडी तीन-चार सेकंद विचार करी, मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी उसळी घेई. पुढे इंजिन बोंबलत राही, पण गिअर काही वर चढत नसे. तिसरा काळ्या कमानीपाशी कसाबसा येई आणि चौथा मनात आला तर येई.

परभणीत गाडी बिघडली की मदतीला माणसं कमी पडत नाहीत. पहिल्याच सकाळी चार पोरं बाह्या सरसावून डिकीला हात लावून उभी राहिली. 'मामा, सेकंडला टाका, ढकलतो.' गाडी चालू आहे, हे मामांनी त्यांना दोनदा सांगितलं. आणि ती बंद असती तरी या जातीची गाडी ढकलून चालू होत नाही. गिअरबॉक्समधलं तेल दाबणारा पंप इंजिनावरच फिरतो, इंजिन बंद तर दाब बंद, मग चाकं फिरवून इंजिनापर्यंत काही पोचत नाही. पोरं खट्टू होऊन परतली. जी गाडी ढकलता येत नाही ती आपली कशी म्हणायची, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

गुरुजींनी बॉनेटवर रात्री गोधडी टाकायला सांगितली. त्यांचा जुना हिशोब बाकी होताच. मामींनी गाडी विकायला सांगितली. गॅरेजमधले उस्ताद बॉनेट न उघडता म्हणाले, 'साब, पुराना माल है. ठंडी में तेल जम जाता.'

इथे मामांमधला अभियंता फणा काढून उठला. 'जम जाता? अहो, ह्या जातीच्या गाड्या कॅनडात उणे वीसमध्ये पळायल्यात. परभणीच्या आठ अंशात तेल जमत असतं तर आपल्या डोक्याचं खोबरेल आधी दगड झालं असतं!' खोबरेल रोज सकाळी दगड झालेलंच असायचं, हे मामींनी आतून कळवलं. मामांनी ते कार्यवृत्तात घेतलं नाही.

त्या दिवसापासून ओट्यावर मामांचे वर्ग सुरू झाले. गिअरबॉक्स म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा, ही मांडणी. पंप म्हणजे धरण. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे वितरिकांची गेटं. कॉम्प्युटर हुकूम सोडतो, सोलेनॉइड गेट उघडतो, तेल दाबाने त्या त्या क्लचला पोचतं आणि गिअर पडतो. 'आता बघा, धरणात पाणी कमी असलं तर पहिला फटका कुणाला?' समोर बसलेले निम्मे लोक शेतकरी. उत्तर एकमुखाने आलं, 'टेलला!' डावा कालवा 208 किलोमीटरचा; त्याच्या शेपटाकडं आपला जिल्हा. पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते आणि पाणी वाटेतच कुठंतरी मुक्कामाला राहतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. चौथा गिअर हा टेलचा शेतकरी आहे, हे सगळ्यांना एका मिनिटात पटलं, आणि त्या गिअरबद्दल कॉलनीत एकदम सहानुभूती पसरली.

धरणात साठा किती ते आधी बघायचं ठरलं. हे तेल थंड असताना मोजून चालत नाही, कारण तापलं की ते फुगतं. गाडी चांगली फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेकवर पाय देऊन दांडा सगळ्या खाचांतून फिरवून परत 'पी'वर आणायचा आणि मग डिपस्टिक काढायची. आता सपाट जागा कुठली? मामा स्पिरिट लेव्हल घेऊन कॉलनीभर फिरले. आमचे सगळे रस्ते, खात्यातल्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर, 'नैसर्गिक उताराचे'. बुडबुडा मधोमध थांबला तो फक्त हनुमान मंदिरासमोरच्या फरशीवर.

सकाळी आठ वाजता चालू गाडी देवळासमोर उभी, बॉनेट उघडं, मामा वाकलेले. पुजाऱ्यांना वाटलं वाहनपूजा आहे. त्यांनी येऊन टायरला हळदकुंकू वाहिलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मामांनी काडी ओढून पुसायला कापड मागितलं, तर मामींच्या पूजेच्या ताटातलं पांढरं शुभ्र वस्त्र कुणीतरी हातात दिलं. तेल लाल हवं होतं, डिंकाच्या लाडवासारखा रंग आला. वास मात्र जळका नव्हता. 'म्हणजे क्लच शाबूत आहेत!' मामा आनंदाने ओरडले. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. तळाच्या पत्र्याचं पॅकिंग झिरपत होतं आणि तेल कमी पडल्यामुळे पंप अधूनमधून हवा ओढत होता. त्यात थंडीने जुने सील आक्रसलेले. गरम होऊन फुगेपर्यंत दाब गळणारच. पुजाऱ्यांनी तेवढ्यात नारळ फोडला. मामींनी वस्त्राकडे बघितलं आणि त्या दिवशी दोघांत झालेलं बोलणं मंदिराच्या आवारात असल्यामुळे इथे देत नाही.

तेलासाठी मामा स्टेशन रोडपासून जिंतूर रोडपर्यंत दुकानं धुंडाळून आले. एका दुकानदाराने पॉवर स्टिअरिंगचं तेल पुढे केलं. 'घ्या की, हे पण लालच आहे.' मामा त्याला अर्धा तास समजावत बसले, की या गिअरबॉक्सला कंपनीने सांगितलेल्याच जातीचं तेल लागतं, क्लच किती घसरू द्यायचा आणि कधी पकडायचा हे त्या तेलावर ठरतं. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग लालमध्ये गडद देऊ का?' शेवटी तेल संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं. पॅकिंग बदलून, तळाची जाळी धुऊन मामांनी ते भरलं. एका खेपेत सगळं बदलत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जुनं अडकून राहतं. म्हणून थोडे किलोमीटर चालवायचं, परत काढायचं, परत भरायचं. याला मामा 'आवर्तन' म्हणत.

दुसऱ्या आवर्तनानंतर पहाटेची लाथ बंद झाली. तिसरा गिअर वेळेवर येऊ लागला. चौथा तेवढा रुसलेलाच. आता मामांनी गंगाखेड रोडला गाडी काढली आणि रस्त्याऐवजी काट्याकडे बघत चालवली. दैठणा मागं पडलं तरी पाण्याच्या तापमानाचा काटा तळाशीच झोपलेला. मामांनी तिथेच कडेला गाडी घेऊन स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

मे महिन्यात, परभणी 44 अंशांवर भाजत असताना, एका मिस्त्रीने 'पाणी गरम व्हायलंय' म्हणून थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला होता. उन्हाळ्याच्या मुलखातला हा रामबाण उपाय! इंजिन साधारण 82 अंशांना पोचेपर्यंत हा वॉल रेडिएटरची वाट अडवून धरतो. तोच नाही म्हटल्यावर डिसेंबरात इंजिन तापेना. आणि इंजिन थंड असेपर्यंत वरचा गिअर द्यायचा नाही, असा कॉम्प्युटरला कंपनीचाच आदेश. 'म्हणजे बिचाऱ्या गिअरबॉक्सचा दोष नाहीच!' मामा गदगदून म्हणाले. 'वरून मंजुरीच येत नव्हती!' नोकरीभर वरच्या मंजुरीची वाट बघितलेल्या माणसाला हे निदान सुचायला एवढे दिवस लागले, याचंच आम्हाला नवल वाटलं.

चार-पाचशे रुपयांचा वॉल बसला. रविवारी चाचणीला मामा आम्हाला घेऊन पाथरीच्या दिशेने निघाले. मागच्या सीटवर मामींचे चुलतभाऊ, त्यांची शेती कालव्याच्या अगदी टेलला. काटा मधोमध आला, इंजिनचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी लोण्यासारखी सरकू लागली. 'पोचलं!' मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. 'टेलला पूर्ण दाबाने पोचलं!'

पाहुणे बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, 'दाजी, रिटायर व्हायच्या आधीच ही गाडी घ्यायला पायजे होती बघा तुम्ही.'