गिरणीच्या जागेवर टॉवर कसा बांधावा (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक बंद गिरणी. लोअर परळ, वरळी, शिवडी, भायखळा, कुठलीही चालेल. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हा माल गिरणगावात मुबलक होता, हल्ली टंचाई आहे. कागद-पेन्सिल आणू नका. नकाशा काढायला अजून पुष्कळ वेळ आहे.

नवशिके फसतात ते इथेच. त्यांना वाटतं, आधी इमारतीचा आकार सुचतो आणि मग तो नियमांत बसवायचा. मुंबईत आकार नियमावलीतच दडलेला असतो, तुम्ही फक्त तो बाहेर काढायचा. म्हणून पहिला अभ्यास १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाचा. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करा, असं तो सांगतो: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

घाबरू नका. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून जी मोकळी होईल तिची नाही. आता गिरणी म्हणजे कुंपणापासून कुंपणापर्यंत शेडच. मोकळं काय, तर गेटाजवळ सायकली लावायची जागा. तिचे तीन वाटे अगदी सढळ हाताने करा. उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा हिशोब अमान्य केला होता, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. त्याच्याही आधी, १९९६ साली, चार्ल्स कोरियांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा तुकड्यातुकड्याने नव्हे तर एकत्र आराखडा करा, असं सुचवलं होतं. तो अहवाल वाचू नका. विनाकारण मन विचलित होतं.

यानंतर पाडकाम. पाडताना वर बघू नका, कारण वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असतं आणि ते नीट पाहिलं तर तुमच्या टॉवरची पंचाईत होते. त्या छपराच्या उभ्या बाजूला काच असते आणि तिचं तोंड उत्तरेला. साच्यावरच्या कामगाराला तुटलेला धागा दिसला पाहिजे, पण ऊन अंगावर येता कामा नये, एवढ्यासाठी ही योजना. ती करणाऱ्याला कामगाराबद्दल प्रेम होतं असं नव्हे, त्याला कापडाबद्दल होतं. तुमचं प्रेम समुद्रावर असल्यामुळे तुम्ही काच पश्चिमेला लावा, जमिनीपासून छतापर्यंत. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत गिऱ्हाईक पडदे ओढून एसी लावून बसेल, पण पैसे त्याने ‘सी व्ह्यू’चे मोजलेले असतील. एखादी चिमणी मात्र शाबूत ठेवा. फिनिक्स मिलची अजून उभी आहे आणि मॉलला शोभते.

घराची मांडणी ठरवताना स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे, असले प्रश्न मनात आणू नयेत. प्रश्न एकच: एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामात, काय मोजलं जात नाही? २०१२पर्यंत याचं उत्तर फार रमणीय होतं. फ्लॉवर बेड मोजला जात नसे, म्हणून प्रत्येक खिडकीबाहेर फुलझाडांचा सज्जा. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हातात पडली की मधली भिंत जाई आणि फुलझाडांच्या जागी पलंग येई. नकाशांवर विश्वास ठेवला तर त्या काळी परळ हा बंगळूरपेक्षा हिरवा होता. जानेवारी २०१२मध्ये फ्लॉवर बेड, बाल्कन्या, एलिव्हेशन फीचर सगळंच मोजायचं ठरलं आणि बदल्यात प्रीमियम भरून राहत्या इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय मिळू लागला. त्यानंतर परळात फुलांचं वेड एकदम ओसरलं.

रेफ्युज फ्लोअर अजून न मोजता मिळतो. आगीच्या वेळी रहिवाशांनी जमायचं म्हणून २४ मीटर उंचीनंतर आणि पुढे दर सातव्या मजल्यावर ही मोकळी जागा सोडतात. सोडा, पण मापात सोडा. वरळीत श्रीराम मिलच्या जागेवरच्या पॅले रोयालमध्ये रेफ्युजच्या क्षेत्रफळावरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोडियमचंही असंच. २००८पासून सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला तर वाढीव एफएसआय मिळू लागला, तेव्हा खाली गाड्यांचे मजले रचा. माणसं त्यांच्या वर कुठेतरी सुरू होतील.

उंची आधी जाहीर करा, परवानगी मागाहून मागा. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन ११७ मजल्यांचा, ४४२ मीटरचा होणार होता. विमानतळ प्राधिकरणाने हरकत घेतली आणि तो २८० मीटरवर थांबला. जाहिरात मात्र पूर्ण उंचीची झाली होती.

रस्ता, रेल्वेचा पूल, गटार या गोष्टी कुंपणाबाहेरच्या. त्या नकाशात दाखवायच्या नसतात. डिलाईल रोडचा पूल २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला. तेवढ्या काळात आजूबाजूला किती मजले चढले ते कोणीही मान वर करून मोजावं. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याचा संबंध कुठल्याही एका टॉवरच्या नकाशाशी लावता येत नाही. प्रत्येक भूखंडाचा विचार वेगळा करायचा म्हटलं की ही सोय आपोआप होते.

वाटणीत म्हाडाच्या हिस्स्याला काही आलंच, तर तिथे कामगारांची इमारत उभी राहील. श्रीनिवास मिलमधल्या अशा घरांची सोडत मार्च २०२०मध्ये निघाली, बॉम्बे डाईंगच्या दोन गिरण्यांबरोबर, मिळून ३,८९४ घरं. घर २२५ चौरस फुटांचं. तुमच्या टॉवरमध्ये तेवढ्यात मास्टर बेडरूम बसवायचं म्हटलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. गेट वेगळं ठेवा. मधली भिंत उंच घ्या आणि तिच्यावर वेल सोडा. फ्लॉवर बेडांतून उरलेली फुलझाडं इथे कामी येतील.

प्रकल्पाच्या नावात लोअर नको. ‘अप्पर वरळी’ म्हणा. स्टेशनवर उतरणारे लोक तुमचे गिऱ्हाईक नाहीत, त्यामुळे पाटी कोणी ताडून पाहणार नाही.

आता वास्तुविशारद नेमा. दोन लागतील. एक स्थानिक, लायझनिंगवाला. त्याला महापालिकेतलं प्रत्येक टेबल ठाऊक असतं आणि खरा टॉवर वर सांगितलेल्या रीतीने त्याने केव्हाच काढलेला असतो. दुसरा परदेशी, ब्रोशरच्या दुसऱ्या पानासाठी. वर्ल्ड वनला न्यूयॉर्कचे पेई कॉब फ्रीड होते. तुम्हाला परवडेल तो आणा, विमानतळावरून थेट सॅम्पल फ्लॅटमध्ये न्या आणि निळी, हिरवी अशा दोन काचा पुढे ठेवा. तो जी निवडेल ती महाग असेल. दुसरी लावा.