तिसरी पिन

आमच्या आतोबांच्या मते विजेचा खरा झटका फक्त बिलातून बसतो. बाकीचे सगळे म्हणजे नुसत्या मुंग्या. पंखा, गिझर, पाण्याची मोटर, काहीही बंद पडलं की अख्खं गणगोत वायरमनच्या आधी त्यांना फोन करतं. ते पैसे घेत नाहीत, चहा घेतात आणि मेन स्विच बंद करत नाहीत. “मेन बंद केला तर लाइट आली की नाही ते कळणार कसं?” हा त्यांचा बिनतोड सवाल.

त्यांची सगळी सुरक्षा रबरी स्लिपरवर उभी आहे. स्लिपर पायात असली की वीज आपल्या वाटेला जात नाही, ही त्यांची श्रद्धा. पण एक हात वायरवर आणि दुसरा ओल्या नळावर असला, तर वीज पायापर्यंत जायचे कष्ट घेतेच कशाला? ती या हातातून त्या हातात जाते. वाटेत छाती लागते, एवढंच.

प्लग नसला तरी आतोबांचं अडत नाही. वायरची उघडी टोकं सॉकेटात खुपसायची आणि वर काडेपेटीच्या दोन काड्या ठोकायच्या. पुढेमागे आग लागलीच, तर काडी शोधायला नको!

त्यांचा खरा राग मात्र प्लगच्या तिसऱ्या पिनेवर. ती दिसायला लांब आणि जाड; सॉकेटात शिरते सगळ्यांच्या आधी, निघते सगळ्यांच्या शेवटी. इस्त्रीच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती आपल्या अंगातून न जाता अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावी, यासाठी ही सोय. आतोबा ती पक्कडीने मुरगाळून काढतात. “ती नसली तरी इस्त्री तापतेच की!” तापते. ब्रेक काढले तरी स्कूटर पळतेच. उलट जास्तच पळते.

“आमच्याकडे एमसीबी आहे” असं सांगून निर्धास्त झोपणारे वेगळेच. 230 व्होल्टवर 9 वॅटचा एलईडी दिवा साधारण 40 मिलिअँपिअर वीज ओढतो. तेवढी छातीतून गेली तर माणूस दगावू शकतो. एमसीबी मात्र 16 अँपिअरची, म्हणजे चारशेपट. ती बसवलेली असते वायर वाचवायला. माणूस तिच्या हिशेबातच नाही. माणसाचा हिशेब ठेवते ती आरसीसीबी. गेलेली वीज तेवढीच परत आली का, हे ती मोजत बसते आणि 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. असा चोख हिशेबनीस कुणाला आवडणार? पावसाळ्यात भिंत ओली झाली की आरसीसीबी सारखी पडते, मालिका ऐन रंगात असताना पडते. मग कुणीतरी हळूच विचारतं, “डायरेक्ट करून देऊ का?” आणि घरातला एकमेव जागा पहारेकरी पाहुण्यांदेखत बडतर्फ होतो.

ऑफिसात शिकलेली माणसं असतात, त्यामुळे तिथे हेच प्रकार नीटनेटके होतात. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. ‘सुरक्षा प्रथम’च्या फलकाला रोषणाई केलेली असते आणि तिची वायर सतरंजीखालून, दाराच्या फटीतून, एका एक्स्टेंशनमधून दुसऱ्या एक्स्टेंशनमध्ये गेलेली असते. त्याच 6 अँपिअरच्या बोर्डावर पाहुण्यांच्या चहासाठी 1500 वॅटची किटली. ती एकटीच साडेसहा अँपिअर ओढते. भाषण संपेपर्यंत प्लगचा वास सुटतो आणि सगळे म्हणतात, “कँटीनमध्ये काहीतरी करपलं वाटतं.”

तेव्हा मंडळी, कुणी विजेला चिकटलं तर त्याला हात धरून ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. तिसऱ्या पिनेचा मान राखा. आणि आज घरी गेल्यावर आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा. लाइट ताबडतोब गेली, तर शांतपणे खटका वर करा आणि घरच्यांची बोलणी खा. नाही गेली, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. नातेवाइकाला नको.