तिकीटमास्तर

आमच्या पर्थमध्ये सर्टिफिकेटला तिकीट म्हणतात. उंचावर काम करायचं तिकीट, बंदिस्त टाकीत उतरायचं तिकीट, फोर्कलिफ्टचं तिकीट. इस्लामपूरचा हा मुलगा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याच्याजवळ अशी सहा तिकिटं होती. प्लास्टिकच्या फायलीत ओळीनं लावलेली. ताक येईपर्यंत त्यानं ती दोनदा दाखवली. नव्हतं ते एकच, खाणीकडे जाणाऱ्या विमानाचं. आणि ते विकत मिळत नाही, कंपनी काढून देते. त्या रात्रीच आम्ही त्याचं नाव तिकीटमास्तर ठेवलं.

इकडच्या लोखंडाच्या खाणी वर पिलबरात. न्यूमन गाव पर्थपासून रस्त्यानं सुमारे 1,200 किलोमीटर. माणसं बिऱ्हाड पर्थला ठेवतात, विमानानं कामावर जातात, 14 दिवस रोज 12 तास राबतात आणि 7 दिवस घरी येऊन झोपा काढतात. याला 'दोन-एक' म्हणायचं. कुणी 'आठ-सहा'वर असतं. मास्तर शिकत होता तेव्हा व्हिसावर पंधरवड्याला 48 तास कामाची मुभा होती. खाणीवर तेवढे चार दिवसांत संपतात. त्यामुळे पदवी हाती पडून पुढचा व्हिसा मिळेपर्यंत त्यानं फक्त तिकिटं जमवली. लोक टपाल तिकिटं जमवतात तशी. फरक एवढाच, की यातल्या प्रत्येकाला शेकडो डॉलर पडतात.

पोटासाठी तो रात्री ॲपवरची टॅक्सी चालवायचा. पहाटे साडेतीनपासून गिऱ्हाईक कोण, तर भडक नारिंगी शर्टातली खाणवाली मंडळी, विमानतळाकडे निघालेली. मास्तरचं खरं शिक्षण त्या मागच्या सीटनं केलं. कुठल्या कॅम्पात एसी रात्रभर घरघरतो, कुठल्या सुपरवायझरला चहा लागतो आणि कुठल्याला चहाडी, सगळं तोंडपाठ. पिलबराची धूळ डोळ्यांनी न बघता तो 'आपल्याकडे' म्हणायला लागला.

"काका, आपल्याकडे ड्राय मेस वेगळी, वेट मेस वेगळी."

पुण्यात चार वर्षं मेसचं जेवून इंजिनिअर झालेला पोरगा तो. मी विचारलं, "वेट म्हणजे आमटी पातळ असते का रे?"

"बार असतो काका," तो कमालीच्या गांभीर्यानं म्हणाला. "पण जपून प्यावं लागतं. सकाळी फुंकर मारायला लावतात. आकडा शून्य पाहिजे."

घोडं अडलं होतं ते एका ओळीपाशी. जाहिरात हेल्परची असो नाहीतर भांडी घासणाऱ्याची, खाली लिहिलेलं असायचंच: साइटचा अनुभव आवश्यक. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. मधे एकानं नोकरीच्या हमीसकट सातवं तिकीट विकायचा प्रयत्न केला, पण इस्लामपूरच्या माणसाला हमीभाव म्हणजे काय ते ठाऊक असतं.

मग दिवाळीत मागच्या सीटवरून नवं ज्ञान मिळालं: मुलाखतीत बूट बघतात. कोरे करकरीत बूट दिसले की माणूस नवखा, हे तिथंच कळतं. मास्तर बूट हातात घेऊन आमच्या दारात.

"काकू, रांगोळीखाली सारवायला गेरू आणलाय ना? वाटीभर द्या."

शास्त्र म्हणून त्याचं काही चुकलं नव्हतं. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच, आणि पिलबराची लाल मातीही तीच. मागच्या अंगणात बसून त्यानं तासभर बुटांना गेरू चोळला. शिवणीत, टाचेत, नाड्यांच्या भोकांत. हिनं अनारशांची ताटली पुढे केली तर तो दचकून मागे सरला. "खसखस! परवा लघवीची तपासणी आहे काकू. अफूच निघायची त्यात." अनारशामुळे अफूबाज ठरायची भीती असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पण हेही खरंच होतं. चकल्या मात्र त्यानं अकरा खाल्ल्या.

मुलाखत व्हिडिओवर झाली. छातीपर्यंतच दिसत होता. बूट टेबलाखाली घालूनच बसला होता म्हणे.

आणि काम मिळालं! पद 'युटिलिटी'. म्हणजे कॅम्पातल्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, मेसमधली पातेली घासायची. सहापैकी एकही तिकीट कुणी मागितलं नाही. पोलिसांचा दाखला आणि ती बाटली, एवढ्यावर भागलं. आईला त्यानं सांगितलं, "विमानानं कामाला जातो." तेवढं इस्लामपुरात पुरलं. आईनं गल्लीत पेढे वाटले, आणि चौकशी करणाऱ्यांना मुलगा पायलटच्या जवळपास काहीतरी आहे एवढंच कळलं.

पहिले 14 दिवस संपवून तो थेट आमच्याकडे आला. हात साबणानं सोललेले, मान उन्हानं रापलेली. दारात थांबून त्यानं बूट काढले, शेजारीशेजारी लावले आणि एखाद्यानं नवी गाडी दाखवावी तसं म्हणाला, "काका, बघा. अस्सल." टाचेपासून घोट्यापर्यंत लालभडक. हात लावला तर बोटाला रंग आला. जेवताना वाऱ्यानं दार आपटलं, तेव्हाही तो आधी बुटांकडे बघून आला. मुक्काम आमच्याकडेच होता. बूट ओसरीत राहिले. रोज सकाळी त्यांचं दर्शन घ्यायचा.

सातव्या दिवशी पहाटे निघायचं होतं. आदल्या दुपारी तो झोपला असताना हिला त्याची दया आली. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन तिनं बूट घासले, उलटे करून उन्हात वाळवले आणि संध्याकाळी त्याच्यापुढे ठेवले. "काय रे मळवले होतेस! बघ, दुकानातून आणल्यासारखे झाले की नाही?"

मास्तर बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, गेरू उरलाय का?"