दुर्बीण गळ्यात, वाघ डोक्यात

साकोली मागे पडली की प्रस्तुत लेखकाचा आवाज खाली जातो. गाडीच्या काचा वर, आत एसी, बाहेर ट्रकांचे भोंगे. तरी तो कुजबुजतो. जंगल जवळ आलं की जाणत्या माणसाने हळू बोलायचं असतं, अशी त्याची समजूत.

‘‘अहो, घसा बसलाय का?’’ बायको विचारते.

लेखकाच्या अंगात मातकट रंगाचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला राहिले आणि त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. लेखकाने ते वाचलं. एवढ्या पुण्याईवर ते दिवस आपणही तिथेच काढले, असा त्याचा चेहरा असतो.

दोन्ही बाजूंना धानाची शेतं, मध्येच बोडी म्हणजे छोटं तळं, वळण घेतलं की तलाव. ‘‘काय निसर्ग आहे!’’ लेखक पुटपुटतो आणि लगेच स्वतःच सावरून घेतो. कारण हा निसर्ग नव्हे, हे त्याला ठाऊक असतं, आणि ते सांगायला त्याला कुणीतरी हवंच असतं. गाडीतून उतरून जाता येत नसल्याने बायको ऐकते.

तर कोहळी लोक. गोंड राजांच्या काळापासून भंडारा-गोंदियाच्या या मुलखात त्यांनी तलाव बांधले. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाणी सांडव्यातून खालच्या तलावात सोडायचं. वर कुठलीच यंत्रं नाहीत. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवती सात बहिणींचे डोंगर. पाटील गेल्यावर लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं. लेखकाच्या सोसायटीची टाकी मात्र पदवीधर इंजिनिअरने बांधली आणि ती दर पावसाळ्यात गळते. त्या इंजिनिअरचीही आठवण सोसायटीत रोज निघते, फक्त देव म्हणून नव्हे. पुढे मालगुजारी गेली, १९५१ साली तलाव सरकारजमा झाले, कागदावर ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव ठरले. पाळीची डागडुजी, गाळ काढणं हे कुणाचं काम, हा प्रश्न तेव्हापासून गाळातच…

‘‘नवेगाव आलं,’’ बायको म्हणते. तिच्या स्वरात सुटका असते.

सकाळी पाळीवरून आणि पुढे पायवाटेने चालताना सोबत गावातला एक म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार, असतो. जाकिटाकडे बराच वेळ पाहून तो विचारतो, ‘‘एवढे खिसे कायले जी?’’ लेखक दुर्बीण डोळ्यांना लावून मोठ्या तोऱ्यात पाण्यावर नजर फिरवतो. म्हातारा खाली बघत चालतो. मगरीच्या पाठीसारख्या सालीच्या एका ऐनाजवळ तो थांबतो. पायाशी वारूळ उकरलेलं. लाल माती अजून ओली, तिच्यात नखांचे खोल ओरखडे, आणि फुटलेल्या भिंतीवर वाळव्या मातीचे कण चिकटवत डागडुजीला लागलेल्या. ‘‘अस्वल,’’ तो म्हणतो. ‘‘मोठ्यानं बोलत चला जी. अचानक समोर आलं तर अंगावर येते.’’

त्यानंतर लेखकाचा आवाज सात बहिणींपर्यंत पोचतो.

परतीच्या रस्त्यावर एका लहान तलावात बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात, बेशरम मुळासकट ओढत. गुलाबी फुलांच्या या झुडपाने इथले कितीतरी तलाव गिळले. मच्छीमार सोसायट्यांनी रोहू-कटल्याचं बीज सोडलं आणि गावठी मासळी हटत गेली. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढीवर बायकांनी तलावांचा तळ नांगरून त्यात पाण्याखालच्या देशी वनस्पती लावल्या, म्हणजे माशांना अंडी घालायला, लपायला जागा मिळावी म्हणून. इथे मात्र लेखकाला विनोद सुचत नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ उमरेडच्या रानातून २०१६ मध्ये बेपत्ता झाला तेव्हा देशभर बातम्या झाल्या. व्हायलाच हव्यात. पण तलावातून एखादी मासळी नाहीशी होते, तेव्हा ते फक्त तिला धरणाऱ्या बाईला कळतं, आणि तिला विचारायला कॅमेरा घेऊन कुणी जात नाही. दुर्बीणवालेही नाहीत.

कोहमाऱ्याच्या टपरीवर मेहुण्याचा फोन येतो. ‘‘भावजी, वाघ दिसला का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गेलात कशाला?’’

‘‘तसं बघायला गेलं तर,’’ लेखक खुर्ची पुढे ओढतो, ‘‘अठराव्या शतकाच्या सुरुवातीला…’’

बायको भज्यांची आणखी एक प्लेट सांगते. १९५१ यायला अजून अवकाश आहे, हे तिला माहीत असतं.