सर्वज्ञ व्हा, घरच्या घरी

सामान्यज्ञानासाठी जाडजूड पुस्तकांची घोकंपट्टी करणाऱ्यांची कीव करावी. उत्तर द्यायला पाठांतर लागते. 'मुळात प्रश्नच चुकलाय' असे म्हणायला मात्र प्रश्नातले एक विशेषण पकडता आले की भागते.

सुरुवात 'पहिला'पासून करावी. भारतातली पहिली रेल्वे कोणती, असे विचारताच कुणीतरी बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, असे घडाघडा म्हणेल. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावेही सांगेल. त्याला मध्ये तोडू नये. दम घ्यायला तो थांबला, की चष्मा पुसत विचारावे, "प्रवासी गाडी म्हणताय ना?" कारण मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे १८३७ सालीच सुरू झाली होती. पहिला चित्रपट म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चे नाव निघाले, तर तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' पुढे करावा. तो गिरगावात १८ मे १९१२ रोजी, म्हणजे वर्षभर आधीच लागला होता. समोरचा तयारीचा असेल, तर "ते नाटकाचं चित्रीकरण होतं" असे म्हणेल. तेव्हा चहा मागवावा.

'राष्ट्रीय' या विशेषणाला फार कष्ट पडत नाहीत. हॉकी हा अधिकृत राष्ट्रीय खेळ नाही आणि घटनेत राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचे नाव नाही. एवढ्यावर दोन पंगती उठतात.

खरा कस लागतो तो आषाढी एकादशीला. ताटलीत वाफाळती खिचडी, वर ओले खोबरे, बाजूला दही. अशा वेळी शांतपणे सांगावे, की आपला साबुदाणा कसावाच्या कंदापासून, बराचसा तमिळनाडूत सेलमकडे होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटाही तिथलाच. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेचीच लेक. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याला जगात कुठेही ही खिचडी मिळाली नसती. हे सारे दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावरच बोलावे. आधी बोलल्यास यजमानीणबाई ताटली उचलतात आणि तो दोष त्यांचा नसतो.

संगीतात मात्र जपून. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. त्यामुळे सकाळी कुणी "वा, भूप!" म्हणाले, की भुवई उंचावून "देशकार तर नव्हे?" एवढेच पुटपुटावे. शेजारी गाणे शिकलेले माणूस बसले असेल, तर तेही करू नये. ते लगेच गाऊन दाखवायला सांगते.

या साऱ्या विद्येवर उतारा एकच: "हे कुठे वाचलंत?" हा प्रश्न कानावर पडताच मोबाइल चार्जिंगला लावायला उठावे आणि चार्जर शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा.