समुद्र, मुक्काम पोस्ट अवसरी बुद्रुक

सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. त्यानंतर घाटावर समुद्र आणायचा एवढा खटाटोप माझ्याशिवाय कुणी केला नसावा. ते लोक निदान माल आणत. मी समुद्रच आणला. २०० लिटर. पडवीलगतच्या खोलीत, जुन्या दिवाणाच्या जागी.

मूळ उद्योग मुलाचा. हायस्कूलात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा "बाबांना विरंगुळा" म्हणून त्याने पुण्याहून काचेची टाकी, पंप, निळे दिवे आणि समुद्री मिठाचं पोतं टेम्पोत घालून पाठवलं. पोतं उतरवताना शेजारचे आबा म्हणाले, "सर, कैऱ्या किती मण घेतल्या?"

मी त्यांना समजावलं, की समुद्रातल्या क्षारांत आपलं साधं मीठ ८५ टक्क्यांच्या आसपास असतं. उरलेल्या पंधरांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट अशी मंडळी येतात आणि सगळी भानगड या पंधरांचीच असते.

"ग्रामपंचायतीसारखं," आबा म्हणाले.

आमच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरी पुटं चढवणारं, म्हणून आरओचं पाणी भरलं आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने सात किलोंवर मीठ विरघळवलं. घनता १.०२५ हवी. ती मोजायला दुर्बिणीसारखं एक यंत्र असतं : काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे बघायचं. माझं यंत्र यायचं होतं. आबांचा पुतण्या साखर कारखान्यात स्लिपबॉय. उसाचा ब्रिक्स बघायला त्याच्याकडे तसलंच यंत्र असतं. त्याने समुद्राचा थेंब घेतला, एक डोळा मिटला आणि गंभीरपणे म्हणाला, "साडेचार. अजून तोडीला आलं नाही."

मग पाणी पिकवायचं. टाकीत मासे सोडण्याआधी जिवाणू वाढवावे लागतात आणि त्यांना खायला अमोनिया लागतो. त्यासाठी मी मंचरहून कोळंबी आणली आणि पाण्यात टाकली. ही कढई तापवून वाट बघत होती. त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं, त्यात रसायनशास्त्र नव्हतं.

कोळंबी कुजते, अमोनिया होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं थोडंफार चालतं. हे मी रंगवून सांगत असताना आबा मध्येच म्हणाले, "म्हणजे युरिया टाकल्यावर जमिनीत होतं तेच ना?" तेच. अगदी तेच. "मग सरळ उकिरडा म्हणा की. आणि उकिरडा रोज उकरून बघत नाहीत, सर."

मी रोज उकरून बघत होतो. परीक्षानळीत पाणी, त्यात थेंब, मग रंगाच्या तक्त्याशी मेळ. तीस वर्षं मुलांना "रंगबदल काळजीपूर्वक नोंदवा" असं बजावलं; स्वतःला एक रंग धड सांगता येईना. हिने मात्र एका नजरेत निकाल दिला : "हा गुलबक्षी, हा राणी, आणि हा वांगी, पण दोन धुणी झालेला." त्या दिवसापासून प्रयोगशाळेचा ताबा तिच्याकडे गेला.

सहा आठवड्यांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग हॅचरीत वाढलेले दोन नारिंगी विदूषक मासे आले. मोठ्याचं नाव बुद्रुक, धाकट्याचं खुर्द. या जातीत जन्मतः सगळे नर असतात. जोडीत जो मोठा होतो तो मादी बनतो, आणि ती गेली तर धाकट्याचीच मादी होते. म्हणजे आमची बुद्रुक ही बाई. ही बातमी घरात फार समाधानाने ऐकली गेली.

इथवर ठीक होतं. पण मला आकड्यांचं वेड लागलं. पाण्याचा खारेपणा थोडा घसरलेला दिसला की मीठ, वाढला की पाणी. बाष्पीभवनाने पातळी खाली गेली तर मी इमानाने खारं पाणीच भरत होतो आणि घनता १.०२८ का झाली म्हणून डोकं खाजवत होतो. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आमटी आटली तर वरून मीठ घालतात का?"

पुढचं वेड अल्कलिनिटीचं. आठ-नऊ हवी, भरली सहा. कॅल्शियम ४२० हवं, भरलं ३६०. खरं तर हा थाट दगडी प्रवाळांसाठी, आणि ते माझ्याकडे नाहीत, कारण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते बिबट्याच्या पंगतीला बसलेत. प्रवाळ बघायचे तर मालवणला जावं. आणि बिबट्या बघायचा तर आमच्या उसाशी संध्याकाळी सहानंतर यावं. पण घरात पाळणा नसला तरी बाळंतविडा तयार हवा, हा माझा स्वभाव. मी धुण्याचा सोडा विरघळवून ओतला आणि पाचच मिनिटांनी कॅल्शियम क्लोराइड.

समुद्राचं ताक झालं.

कॅल्शियमला कार्बोनेट भेटलं की पांढरा अवक्षेप मिळतो. हे वाक्य मी किती फळ्यांवर लिहिलं असेल! परीक्षेत त्याला एक गुण असायचा. दुसऱ्या दिवशी मोजलं तर दोन्ही आकडे आधीपेक्षा खाली. बुद्रुक दगडामागे, खुर्द बुद्रुकमागे.

यावर खरा उपाय निघाला चुन्याची निवळी. परदेशातले हौशी लोक तिला भारदस्त जर्मन नावाने ओळखतात. आमच्याकडे ती तान्ह्या पोरांना पाजत. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात, पण एकदम ओतायची नाही. रात्री, पाण्याचा सामू उतरतो तेव्हा, थेंबथेंब. "ठिबक लावा," आबा म्हणाले आणि सलाइनची नळी त्यांनीच बसवून दिली, मिनिटाला किती थेंब तेही. आपला सगळा ऊस त्यांनी असाच जगवला. जाताना म्हणाले, "आता आठ दिवस हात लावू नका."

हिने परीक्षेची पेटी लोणच्याच्या बरणीमागे, कपाटात, कुलपात ठेवली.

किल्ली कुठे असते हे मला माहीत आहे. चौथ्या रात्री अडीच वाजता मी पेटी काढली. टाकीच्या निळ्या दिव्यात सगळेच रंग निळे दिसतात, म्हणून नळी आणि टॉर्च घेऊन अंगणात आलो. एक थेंब, एक डिग्री. निळं पाणी पिवळं होईपर्यंत मोजायचं. पाच. सहा. सात.

गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आबांच्या माळवदावर दिवा लागला. "सर, टॉर्च कशाला? दिसला का?"

त्याच क्षणी नळी पिवळी झाली. "आठ!" मी आनंदाने ओरडलो. "आबा, आठ आहेत!"

पाच मिनिटांत अख्खी आळी काठ्या, डबे आणि फटाके घेऊन अंगणात उभी होती.